विलायत म्हणजे केवळ इंग्लंड काय ?

मुलगा वा मुलगी पदवीधर झाली कीं पुढील शिक्षणास ब्रिटनमध्यें धाडावें कीं जर्मनींत, याची चर्चा घरोघर आजहि होते. फी, राहण्याचा खर्च व पुढील नोकरी यांचा हिशेब आमचे व्यापारी बंधु चोख मांडतात. परंतु शिकावयाचें कशासाठीं, हें कलम त्यांत बहुधा राहून जातें. म्हणून डॉ. राममनोहर लोहिया यांच्या चरित्राकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधतों.

लोहियांचा जन्म २३ मार्च १९१० रोजीं संयुक्त प्रांतांतील अकबरपूर येथें व्यापारी घराण्यांत झाला. आई बाळपणींच वारली. वडील हिरालाल हे गांधीजींचे अनुयायी. मुंबईस मॅट्रिक, काशीस इंटर व १९२९ सालीं कलकत्त्यास बी. ए. झाल्यावर पुढें काय, हा प्रश्न उभा राहिला. त्या काळीं लंडन, ऑक्सफर्ड किंवा केंब्रिज गांठून बॅरिस्टर अथवा सनदी अधिकारी होऊन परतणें हाच राजमार्ग. आमच्या वकिली धंद्यांतील कित्येक थोर पुरुष त्याच मार्गानें गेले व त्यांनीं देशसेवाहि केली, हें आम्ही नाकारीत नाहीं.

लोहियांनीं मात्र तो मार्ग सोडून बर्लिन विद्यापीठ पत्करिलें. ज्या सत्तेशीं झगडावयाचें, तिच्याच दारीं विद्या मागणें त्यांस रुचलें नाहीं. या निवडीची किंमतहि त्यांनीं मोजली. तेथें इंग्रजी कामाची नव्हती. प्रख्यात अर्थशास्त्रज्ञ वेर्नर सोंबार्ट यांनीं आपणांस इंग्रजी येत नसल्याचें सांगतांच लोहिया माघारी फिरले आणि तीन महिन्यांत जर्मन शिकून पुन्हां त्यांच्यापुढें उभे राहिले, असें सांगतात. १९३० सालीं इकडे दांडीयात्रा निघाली. तिकडे या विद्यार्थ्यानें प्रबंधास विषय घेतला तो मिठावरील कर व सत्याग्रह हाच. भूमि परकी, भाषा परकी, पण प्रश्न स्वदेशाचा !

जर्मनीसहि त्यांनीं देव्हाऱ्यांत बसविलें नाहीं. हिटलरच्या पक्षाचा उदय त्यांनीं प्रत्यक्ष पाहिला आणि १९३३ सालीं डॉक्टरेट घेऊन ते परतले. १९३४ सालीं काँग्रेस समाजवादी पक्षाच्या स्थापनेंत त्यांनीं भाग घेतला. १९४२ च्या लढ्यांत ते भूमिगत राहिले. १९४४ सालीं पकडले गेल्यावर लाहोरच्या किल्ल्यांत त्यांचा अमानुष छळ झाला. १९४६ सालीं सुटका होतांच ते विश्रांतीसाठीं गोव्यांत असोळणें येथें डॉ. जुलियांव मिनेझिस यांच्या घरीं गेले. हा स्नेह जडला होता बर्लिनमध्यें ! तेथील दडपशाही पाहून विश्रांति बाजूस राहिली. १८ जून १९४६ रोजीं मडगांवच्या सभेंत त्यांनीं बंदी मोडली व पोर्तुगीज पोलिसांनीं त्यांस अटक केली. १९ डिसेंबर १९६१ रोजीं गोवा मुक्त झाला. त्या चळवळीस नवी चेतना मडगांवींच मिळाली होती. राज्यकारभार लोकभाषांतून चालावा, हा आग्रह त्यांनीं १२ ऑक्टोबर १९६७ रोजीं देह ठेवीपर्यंत सोडला नाहीं.

जर्मनींतील बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नाहीं, ब्रिटनमध्यें ती भारी आहे, हें खरें. परंतु स्वस्त म्हणून जर्मनी किंवा प्रतिष्ठा म्हणून ब्रिटन, ही निवड नव्हे. आपला प्रश्न कोणता, तो शिकविणारा गुरु कोठें आहे आणि त्यासाठीं नवी भाषा शिकण्याचे कष्ट आपण घेणार काय, हें मुलांनीं आधीं ठरवावें. मग पालकांनीं थैलीचें तोंड सैल करावें.