विद्यार्थी धर्मानंद

गोव्यात जुवारी नदीच्या तीरी सांखवाळ नावाचे एक गाव आहे. एकोणिसाव्या शतकात गोव्यावर पोर्तुगिजांचे राज्य होते आणि हे गाव साष्टी प्रांतात मोडत असे. माडांच्या बागा व भातशेती हेच तेथील लोकांच्या उपजीविकेचे साधन होते. अशा या गावी दामोदर कोसंबी व आनंदीबाई या दांपत्याच्या पोटी ९ ऑक्टोबर १८७६ रोजी धर्मानंदांचा जन्म झाला. पुढे ज्यांच्या विद्वत्तेची कीर्ती अमेरिका व रशिया या देशांपर्यंत पोहोचली, ते धर्मानंद कोसंबी हेच होत.

बालपणी त्यांच्या विद्वत्तेची कोणतीही चिन्हे दिसत नव्हती. त्यांची प्रकृती नाजूक होती आणि आजारपणामुळे शिक्षणात वारंवार खंड पडे. मराठी शाळेपलीकडे त्यांचे शिक्षण जाऊ शकले नाही. इंग्रजी शाळेचे तर त्यांनी दारही पाहिले नाही. लहान वयातच माडांच्या बागेची देखरेख त्यांच्याकडे आली. १८९१ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, त्या काळच्या रीतीप्रमाणे बाळाबाईंशी त्यांचा विवाह झाला. बागेला पाणी द्यावे, नारळ उतरवून घ्यावेत, हिशेब ठेवावा, या क्रमातच त्यांचे आयुष्य जाणार, असे कोणासही वाटले असते.

परंतु धर्मानंदांना वाचनाची विलक्षण गोडी होती. हाती येईल ते मराठी पुस्तक ते वाचून काढीत. तुकारामांच्या अभंगांनी त्यांच्या मनाला धीर दिला. १८९७ च्या सुमारास ‘बालबोध’ नावाच्या मुलांच्या मासिकाचा एक अंक त्यांच्या हाती आला. त्यात गौतम बुद्धाचे छोटेसे चरित्र होते. ते वाचून त्यांच्या मनाला एकच ध्यास लागला. ज्या महापुरुषाने राजवैभवाचा त्याग करून दुःखमुक्तीचा मार्ग शोधला, त्याचा उपदेश मुळातून वाचावयाचा आणि तो आपल्या मराठी भाषेत आणावयाचा, असे त्यांनी ठरविले.

हा निश्चय करणे सोपे होते, पण तो तडीस नेणे फार कठीण होते. बुद्धाचा उपदेश ज्या ग्रंथांत जतन झाला आहे, ते ग्रंथ पाली भाषेत आहेत. ती भाषा मूळची भारतातली. परंतु बौद्ध धर्म या देशात लोप पावला, तसे तिचे अध्ययनही येथे थांबले. तिची परंपरा सिंहलद्वीप, म्हणजे आजची श्रीलंका, ब्रह्मदेश, म्हणजे आजचे म्यानमार, आणि सयाम या देशांत मात्र अखंड राहिली. आपल्याच भूमीतली ही भाषा शिकण्यासाठी परदेशाची वाट धरणे भाग होते. धर्मानंदांच्या गावी पाली शिकविणारे कोणी नव्हते. कोणता ग्रंथ आधी वाचावा, कोणाकडे जावे, हे सांगणारेही कोणी नव्हते.

तेव्हा धर्मानंदांनी आपला अभ्यासक्रम आपणच आखला. प्रथम संस्कृत शिकावे, मग बौद्ध धर्म जेथे जिवंत आहे तेथे जावे, असा त्यांचा विचार होता. घराबाहेर पडण्याचे त्यांचे पूर्वीचे प्रयत्न सफल झाले नव्हते. १८९९ साली त्यांना कन्या झाली. तिचे नाव माणिक. त्याच वर्षाच्या डिसेंबर महिन्यात पत्नी व तान्ही मुलगी यांना मागे ठेवून ते पुण्यास निघाले. हे पाऊल टाकताना त्यांच्या मनाची मोठी ओढाताण झाली. त्यांच्या विद्येचे मोल त्यांच्या कुटुंबालाही द्यावे लागले. पतीच्या वियोगाची सात वर्षे बाळाबाईंनी सोसली, ही गोष्ट विसरता येणार नाही.

पुण्यात थोर संस्कृत पंडित डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्याशी त्यांचा परिचय झाला. तेथे संस्कृतच्या अभ्यासाला आरंभ झाला. परंतु जुन्या पद्धतीने व्याकरण पक्के करावयाचे तर काशीसच गेले पाहिजे, असे त्यांच्या मनाने घेतले. ग्वाल्हेरमार्गे ते काशीस पोहोचले. त्या वेळी त्यांचे वय चोवीस वर्षांचे होते. बरोबरीचे तरुण संसारात व नोकरीत स्थिरावले असता हे गृहस्थ अन्नछत्रात जेवत आणि व्याकरणाची सूत्रे पाठ करीत. अन्न बेताचे, थंडीत पांघरूण अपुरे. परंतु अभ्यासात त्यांनी कुचराई केली नाही.

संस्कृतचा पाया तयार होताच धर्मानंदांनी पुढची वाट धरली. बुद्धाचा जन्म ज्या प्रदेशात झाला तो नेपाळ. तेथे बौद्ध धर्माची माहिती मिळेल या आशेने १९०२ साली ते तिकडे गेले. डोंगर चढून, अनेक हाल सोसून त्यांनी काठमांडू गाठले. पण तेथे त्यांना हवे होते ते अध्ययन मिळाले नाही. एखादा खचून घरी परतला असता. धर्मानंदांनी मात्र आपली दिशा तेवढी बदलली. ते बुद्धगयेस गेले. पाली शिकावयाची तर सिंहलद्वीपास जावे, असा सल्ला त्यांना तेथे एका भिक्षूकडून मिळाला. पैशाचे पाठबळ नसताना लोकांच्या साहाय्याने कलकत्ता व मद्रास या मार्गाने ते त्याच वर्षी कोलंबोस पोहोचले.

कोलंबो येथे विद्योदय नावाचे प्रसिद्ध विद्यापीठ होते. सुमंगल महास्थविर हे त्याचे प्रमुख. पाली व संस्कृत या दोन्ही भाषांत त्यांचा अधिकार मोठा होता. अशा गुरूच्या आश्रयाने धर्मानंदांना ज्या भाषेचा शोध होता ती अखेर लाभली. ते तेथे श्रामणेर, म्हणजे बौद्ध संघातील नवशिके साधू, झाले आणि पालीच्या अध्ययनात गढून गेले.

परक्या मुलखात भाषा शिकताना आपल्याजवळ जे आहे त्याचा उपयोग करून घेणारा विद्यार्थी लवकर पुढे जातो. धर्मानंदांना संस्कृत येत होते व मराठी तर मायबोलीच होती. पाली ही या भाषांना परकी नाही. संस्कृतातील धर्म हा शब्द पालीत धम्म होतो, मार्ग याचा मग्ग होतो, भिक्षूचा भिक्खु होतो. असे नाते ध्यानात आल्यावर शेकडो शब्द ओळखीचे वाटू लागतात. मग उरतो तो वेगळेपणा, आणि त्याकडे अधिक लक्ष देता येते. काशीतील व्याकरणाच्या पाठांतराचे सार्थक येथे झाले.

तथापि एक अडचण होती. पालीला स्वतःची अशी एकच लिपी नाही. सिंहलद्वीपात तिचे ग्रंथ सिंहली लिपीत लिहितात, ब्रह्मदेशात ब्रह्मदेशी लिपीत, सयामात तेथील लिपीत, आणि युरोपातील पंडित ते रोमन लिपीत छापतात. देवनागरीत पाली ग्रंथ त्या काळी फारच थोडे होते. तेव्हा भाषा एकच, पण देश बदलला की डोळ्यांना पुन्हा मुळाक्षरांपासून आरंभ करावा लागे. धर्मानंदांनी त्याचाही कंटाळा केला नाही. कोलंबोस त्यांनी सिंहली लिपी आत्मसात केली. तेथील अन्न न मानवल्यामुळे प्रकृती बिघडली, तेव्हा ते मद्रासला आले आणि १९०४ साली ब्रह्मदेशास गेले. तेथे ब्रह्मदेशी लिपीतील ग्रंथ वाचण्याचा अभ्यास त्यांनी केला. तेथील विहारांत राहून त्यांनी ध्यानाचाही अभ्यास केला. जे ग्रंथात वाचले ते आचरणात पडताळून पाहावे, ही त्यांची वृत्ती होती.

१९०६ च्या आरंभी धर्मानंद कलकत्त्यास आले. त्या वेळी बंगालमध्ये स्वदेशीची चळवळ जोरात होती आणि राष्ट्रीय शिक्षणाच्या संस्था निघत होत्या. तेथील नव्या राष्ट्रीय महाविद्यालयात त्यांना पालीच्या अध्यापनाचे काम मिळाले. पुढे सर आशुतोष मुखर्जी यांच्यामुळे कलकत्ता विद्यापीठातही त्यांची नेमणूक झाली. कोणत्याही विद्यापीठाची पदवी त्यांच्याजवळ नव्हती. त्यांची विद्या हीच त्यांची पदवी होती. याच काळात घर सोडल्यापासून प्रथमच ते आपल्या माणसांना भेटले.

कलकत्त्यास मान मिळाला, पैसा मिळाला. परंतु आपण ही विद्या कशासाठी मिळविली याचा विसर त्यांना पडला नाही. ती महाराष्ट्राला द्यावयाची होती. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी त्यांची ही तळमळ जाणली. महाराष्ट्रात राहून काम करावे, म्हणून त्यांनी धर्मानंदांना दरमहा ५० रुपये देऊ केले. कलकत्त्यास याहून कितीतरी अधिक वेतन मिळणे शक्य होते. धर्मानंदांनी ५० रुपये पसंत केले आणि ते परत आले. डॉ. भांडारकर व धर्मानंद यांच्या खटपटीने मुंबई विद्यापीठात पालीच्या अभ्यासाला स्थान मिळाले.

याच सुमारास अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक वुड्स यांच्याशी त्यांची ओळख झाली. हार्वर्ड येथे ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथाच्या संशोधनाचे काम चालू होते. हा ग्रंथ पाचव्या शतकात बुद्धघोष या आचार्यांनी सिंहलद्वीपात रचला. वॉरन नावाच्या विद्वानाने त्याच्या संपादनाचे काम हाती घेतले होते. परंतु १८९९ साली त्यांचे निधन झाल्याने ते अपुरे राहिले. त्या ग्रंथाची हस्तलिखिते सिंहली व ब्रह्मदेशी लिप्यांत होती. विहारात बसून शिकलेली ती अक्षरे आता अशी उपयोगी पडली. १९१० साली धर्मानंद अमेरिकेस गेले.

इंग्रजी ही भाषा त्यांनी प्रौढपणीच, वाचनाने व व्यवहाराने, मिळविली होती. अमेरिकेत त्यांनी तिच्याद्वारे समाजशास्त्राचे अनेक ग्रंथ वाचले. रशियातील विचारप्रवाहांविषयी त्यांना कुतूहल वाटू लागले, तेव्हा ते रशियन भाषाही शिकले. त्यांना ती शिकण्याची कोणी सक्ती केली नव्हती. जी भाषा शिकावयाची ती काहीतरी जाणून घेण्यासाठी, हा त्यांच्या अध्ययनाचा सर्वत्र एकच क्रम दिसतो. ‘विसुद्धिमग्ग’च्या श्रेयाविषयी प्रोफेसर लॅनमन यांच्याशी मतभेद झाल्यामुळे १९१२ साली काम अपुरे ठेवून ते परत आले. स्वाभिमान गहाण टाकून कीर्ती मिळविणे त्यांच्या स्वभावात नव्हते.

१९१२ ते १९१८ या काळात त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकविली. पुरुषोत्तम विश्वनाथ बापट व चिंतामण वैजनाथ राजवाडे हे त्यांचे विद्यार्थी पुढे पालीचे नामांकित पंडित झाले. ज्या विद्येसाठी त्यांना समुद्र ओलांडावा लागला, ती आता पुण्यात बसून शिकता येऊ लागली. मराठीतून त्यांनी ‘बुद्धलीलासारसंग्रह’ व पुढे ‘भगवान बुद्ध’ असे ग्रंथ लिहिले. १९२४ साली ‘निवेदन’ हे आत्मचरित्र प्रसिद्ध केले. त्यात आपल्या चुका व निराशा त्यांनी कोठेही झाकून ठेवलेल्या नाहीत. ‘विसुद्धिमग्ग’ देवनागरी लिपीत संपादून १९४० साली प्रकाशित केला, तेव्हा नव्या विद्यार्थ्यांची परक्या लिपींची अडचण दूर झाली. हार्वर्डची आवृत्ती त्यांच्या मृत्यूनंतर, १९५० साली, बाहेर पडली. तिच्यावर वॉरन यांच्या नावासोबत धर्मानंदांचे नाव आहे.

१९१८ साली ते पुन्हा अमेरिकेस गेले, तेव्हा माणिक व दामोदर ही मुले त्यांच्यासोबत होती. जिला तान्ही असताना घरी ठेवून ते निघाले होते, त्या माणिकने अमेरिकेत महाविद्यालयीन शिक्षण घेतले. दामोदर हे पुढे गणितज्ञ व इतिहासकार म्हणून जगप्रसिद्ध झाले. १९२२ नंतर धर्मानंदांनी काही काळ महात्मा गांधींनी स्थापन केलेल्या गुजरात विद्यापीठात काम केले. १९२९ साली रशियातील लेनिनग्राड येथेही ते अध्यापनासाठी गेले. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात त्यांनी तुरुंगवास भोगला. मुंबईत परळच्या गिरणगावात कामगारांसाठी त्यांनी ‘बहुजनविहार’ उभारला. ४ जून १९४७ रोजी सेवाग्राम येथे त्यांनी देह ठेवला.

धर्मानंदांना थोर गुरू भेटले हे खरे. भांडारकर, काशीचे शास्त्री, सुमंगल महास्थविर यांच्या ऋणाची त्यांना सदैव जाणीव होती. गुरूवाचून विद्या मिळेल, असे त्यांनी कधी मानले नाही. परंतु काय शिकावे, कशासाठी शिकावे, कोणाकडे जावे, एक वाट बंद झाली तर कोणती धरावी, हे त्यांचे त्यांनी ठरविले. ते ओझे त्यांनी गुरूंवर टाकले नाही. म्हणूनच एका गुरूकडचा पाठ संपला तरी त्यांचे शिकणे संपत नसे. माडांच्या बागेत बसून मुलांचे मासिक वाचणारा हा तरुण पुढे अनेक देशांत गुरू म्हणून गेला; पण जेथे गेला तेथे विद्यार्थीच राहिला.