लुई पाश्चर यांचं ब्रेन हॅमरेज: पेशंट बरा होईल का, हे आधी कळतं का?

दुधाच्या पिशवीवर ‘पाश्चराइज्ड’ हा शब्द तुम्ही रोज बघता. तो आला फ्रेंच शास्त्रज्ञ लुई पाश्चर यांच्या नावावरून. पण त्यांची सगळ्यात गाजलेली लस त्यांनी अर्धांगवायूच्या झटक्यानंतर शोधली, हे माहितीये का?

पाश्चर यांचा जन्म २७ डिसेंबर १८२२ चा. १९ ऑक्टोबर १८६८ ला, वयाच्या ४५ व्या वर्षी, त्यांच्या डाव्या अंगाला मुंग्या आल्या. तरीही ते पॅरिसच्या विज्ञान अकादमीच्या बैठकीला गेले. रात्री डावी बाजू लुळी पडली. चरित्रकारांनी याला मेंदूतला रक्तस्राव म्हटलंय. तेव्हा स्कॅन नव्हता; डॉक्टरांनी कानामागे जळवा लावल्या.

ते वाचतील असं फारसं कुणाला वाटत नव्हतं. त्यांच्यासाठी चालू असलेलं नव्या प्रयोगशाळेचं बांधकामही थांबलं! हे कळल्यावर पाश्चर खूप दुखावले. शेवटी सम्राट तिसरा नेपोलियन यांच्या सांगण्यावरून काम पुन्हा सुरू झालं.

इकडे पाश्चर काही दिवसांतच अंथरुणावरून रेशीमकिड्यांच्या रोगावरचं टिपण तोंडी सांगत होते. डावा हात-पाय कायमचा अधू राहिला, प्रयोगातलं बरंच हातकाम सहकारी करायचे. पण १८८१ मध्ये अँथ्रॅक्सच्या लसीचा जाहीर प्रयोग यशस्वी झाला. ६ जुलै १८८५ ला ९ वर्षांच्या जोसेफ मायस्टरला रेबीजची लस मिळाली आणि तो वाचला. पाश्चर गेले २८ सप्टेंबर १८९५ ला, म्हणजे झटक्यानंतर जवळजवळ २७ वर्षांनी.

आज काय वेगळं झालं असतं?

सीटी स्कॅनमध्ये रक्त किती आणि कुठे साचलंय ते काही मिनिटांत दिसलं असतं. हे, पेशंटचं वय आणि तो किती शुद्धीवर आहे, यावरून डॉक्टर धोक्याचा स्कोअर काढतात. रक्तस्राव ३० मिलिलिटर किंवा जास्त असेल, तर त्या स्कोअरमध्ये एक गुण वाढतो.

पुढची पायरी म्हणजे बायोमार्कर, म्हणजेच रक्तात सापडणाऱ्या खुणा. मेंदूच्या आधारपेशी फुटल्या की जीएफएपी नावाचं प्रोटीन रक्तात येतं. मेंदूतल्या ‘वायरी’ तुटल्या की एनएफएल वाढतं. त्यावरून पेशंट किती सावरेल याचा अंदाज बांधता येईल का, यावर संशोधन चालू आहे.

पण इथेच खरा धोका आहे. आकडा वाईट आला म्हणून उपचार लवकर आवरते घेतले, तर पेशंट दगावतो आणि आकडा ‘बरोबर’ ठरतो! म्हणूनच अमेरिकेतल्या २०२२ च्या गाइडलाइननुसार, पेशंटने आधीच तशी इच्छा नोंदवलेली नसेल तर, हृदय बंद पडल्यास ते पुन्हा सुरू करायचे प्रयत्न करू नयेत असा निर्णय निदान दुसरा पूर्ण दिवस संपेपर्यंत घेऊ नये.

स्कोअर अनेक पेशंटची सरासरी सांगतो, समोरच्या एका माणसाचं भविष्य नाही. पाश्चर यांच्या वेळी बांधकाम थांबवणाऱ्यांचा अंदाज साफ चुकला होता. घरात कुणावर अशी वेळ आली, तर डॉक्टरांना आकडा जरूर विचारा. पण तो कशावरून काढलाय आणि पुन्हा कधी तपासणार, हेही विचारा.