वर्ध्याचा पोरगा, मेक्सिकोचा कृषी शास्त्रज्ञ : डॉ. पांडुरंग खानखोजे

वर्धा : मक्याचं कणीस आपण सगळेच भाजून खातो. पण मक्यावर आयुष्य घालवलेला एक मोठा शास्त्रज्ञ आपल्याच वर्ध्याचा होता, हे जिल्ह्यातल्या किती जणांना माहीत आहे? मलाही चाळिशीपर्यंत माहीत नव्हतं. बारावीपर्यंत शिकलो, पण कोण्या पुस्तकात हे नाव वाचल्याचं आठवत नाही. डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे हे ते नाव. २२ जानेवारी १९६७ रोजी नागपुरात ते गेले.

पांडुरंगरावांचा जन्म १८८४ च्या सुमारास वर्ध्यात झाला. वडील अर्ज लिहून देण्याचं काम करत. शाळा वर्ध्यात झाली, पुढचं शिक्षण नागपुरात. तो काळ लोकमान्य टिळकांचा होता. पोराच्या डोक्यात एकच गोष्ट बसली, इंग्रजाला हाकलायचं. त्यासाठी लढाईचं शिक्षण पाहिजे आणि ते इथं मिळणार नाही, म्हणून विशी-बाविशीतच घर सोडलं. आधी जपान, तिथून अमेरिका.

अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या एका लष्करी शाळेत ते शिकले. सोबत शेतीचंही शिक्षण घेतलं. वॉशिंग्टन राज्याच्या कॉलेजातून १९१३ साली शेतीची पदवी मिळाली. त्या भागातल्या लाकडाच्या कारखान्यांत पंजाबातले शेतकरी मजुरी करत होते. कर्जापायी, जमिनीपायी गाव सोडून आलेली माणसं. त्यांच्यात पांडुरंगराव मिसळले. १९१३ मध्ये गदर पार्टी उभी राहिली, तिच्या पहिल्या फळीत लाला हरदयाळ, सोहनसिंग भकना यांच्याबरोबर आपला वर्ध्याचा माणूस होता.

पहिलं महायुद्ध लागलं तसे ते तुर्कस्तान, इराण, बलुचिस्तानच्या बाजूला गेले. इंग्रजांशी प्रत्यक्ष लढले. जखमी झाले, पकडले गेले, निसटले. पुढं बर्लिन, १९२१ ला मॉस्को. इंग्रज सरकारच्या काळ्या यादीत नाव पडलं होतं, त्यामुळं घरी यायची सोय राहिली नव्हती. शेवटी १९२४ ला त्यांनी मेक्सिको गाठलं.

बंदूक सुटली, बियाणं हाती आलं

इथून पुढची गोष्ट आपल्या शेतकऱ्यांच्या कामाची आहे. मेक्सिकोत तेव्हा नुकतीच क्रांती होऊन गेली होती. मोठ्या जमीनदारांच्या जमिनी गरीब शेतकऱ्यांना वाटणं चालू होतं. मेक्सिको शहराजवळ चापिंगो नावाचं गाव आहे, तिथल्या राष्ट्रीय कृषी शाळेत खानखोजे प्राध्यापक झाले.

मका म्हणजे त्या लोकांची भाकरी. आपल्याकडं ज्वारीची जी जागा, ती तिथं मक्याची. खानखोजेंनी मक्यावरच काम धरलं. मक्याच्या शेंड्यावर तुरा असतो, त्यात पराग. खाली कणसाला केस फुटतात. एका केसाला पराग मिळाला की एक दाणा भरतो. म्हणून कणसावर आणि तुऱ्यावर पिशवी बांधायची, आपल्याला हवा तोच पराग हवा त्या कणसावर टाकायचा, आणि जे उगवेल त्यातून निवड करत जायची. ऐकायला सोपं वाटतं, पण हंगामामागून हंगाम जातात यात. मेक्सिकोच्या रानात तेओसिंते नावाचं गवत उगवतं, मक्याचा रानटी पूर्वज. त्याचा आणि मक्याचा संकर करून जास्त दाणा देणारा मका काढायचे प्रयोग त्यांनी केले. दुष्काळात आणि थंडीत टिकेल अशा गव्हावरही काम केलं.

पण मला विचाराल तर त्यांचं सर्वात मोठं काम वेगळंच आहे. जमीन मिळालेला मजूर आता मालक झाला होता, पण बियाणं कसं निवडावं हे त्याला सांगणारं कोणी नव्हतं. कॉलेजात तो जाऊ शकत नव्हता. मग खानखोजे आणि त्यांच्या सोबत्यांनी शेतकऱ्यांसाठी मोफत शेती शाळा काढल्या. शेतकऱ्यानं शाळेत जायचं नाही, शाळेनंच त्याच्या बांधावर यायचं, असा तो प्रकार.

याचं मोल मला दोन वर्षांपूर्वी कळलं. माझ्या वावरात सोयाबीन उगवलंच नाही. दुबार पेरणी करावी लागली, उसनवारीवर. बियाण्याला तर दोष दिलाच, पण चूक माझीही होती. ओल्या पोत्यावर शंभर दाणे मोजून ठेवायचे, पोतं गुंडाळून ओलं राखायचं, चार-पाच दिवसांत किती उगवले ते मोजायचं. सत्तरच्या वर उगवले तर पेरायला हरकत नाही. एवढी साधी उगवण चाचणी मी केली नव्हती. माहीत होती, पण करून दाखवणारं कोणी बांधावर आलं नव्हतं. शंभर वर्षांपूर्वी आपल्या जिल्ह्याचा माणूस परक्या देशात नेमकं हेच काम करत होता.

दिएगो रिव्हेरा हा मेक्सिकोचा जगप्रसिद्ध चित्रकार. त्यानं सरकारी इमारतीच्या भिंतीवर एक चित्र काढलं. टेबलाभोवती नाना प्रकारची गरीब माणसं बसली आहेत आणि मधला माणूस भाकरी मोडून वाटतो आहे. तो माणूस म्हणजे खानखोजे.

घर उभं राहिलं पन्नाशीत

क्रांतीत आणि पळापळीत तरुणपण गेलं. १९३६ मध्ये, पन्नाशी ओलांडल्यावर, त्यांनी जीन सिंडिक या बेल्जियमच्या तरुणीशी लग्न केलं. दोन मुली झाल्या. जन्म मेक्सिकोतला, आई युरोपातली, पण मुलींची नावं ठेवली सावित्री आणि माया. ज्या माणसाला आपला गाव बघायची बंदी होती, त्यानं गाव असा घरात आणून ठेवला होता.

देश स्वतंत्र झाला तेव्हा त्यांना वाटलं, आता जाऊ. पण अर्ज केला तर आधी नकार आला. इंग्रज गेले, त्यांची काळी यादी मात्र कपाटात तशीच होती. ज्या देशासाठी घर सोडलं, त्याच देशाच्या दारात थांबावं लागलं. शेवटी अडथळा दूर झाला आणि १९४९ साली तेव्हाच्या मध्य प्रांत व वऱ्हाड सरकारचे शेती सल्लागार म्हणून ते आले. नागपूर तेव्हा त्या राज्याची राजधानी होती. चार दशकांनी माणूस घरी आला होता. पुढं १९५५ मध्ये पत्नी आणि मुलींसह ते नागपुरात कायमचे राहायला आले. ऐन उमेदीत देशासाठी घर सोडणारा हा माणूस म्हातारपणी घर सोबत घेऊनच देशात परतला. आणि त्या माउलीनंही ओळखीचा मुलूख सोडून नागपूरचा उन्हाळा पत्करला, तेही विसरून चालणार नाही.

आणखी एक योगायोग. चापिंगोच्या परिसरातच पुढं १९४४ पासून नॉर्मन बोरलॉग यांच्या गहू संशोधनाची सुरुवात झाली. त्यातून निघालेला बुटका गहू १९६६ मध्ये आपल्या सरकारनं १८ हजार टन मागवला. मेक्सिकन गहू म्हणून आपल्या म्हाताऱ्यांना तो आठवत असेल. त्या वेळी मेक्सिकोत आयुष्य घालवलेले खानखोजे नागपुरातच होते, थकलेले. काही महिन्यांत ते गेले.

मोठी मुलगी सावित्री साहनी यांनी वडिलांचं चरित्र इंग्रजीत लिहिलं. मराठीत वीणा गवाणकर यांनी लिहिलं. २०२२ मध्ये चापिंगोच्या विद्यापीठात त्यांचा पुतळा उभा राहिला, लोकसभा अध्यक्ष ओम बिर्ला त्यासाठी गेले होते.

मेक्सिकोत पुतळा झाला, चांगलंच झालं. आपल्याकडं पुतळ्याला पैसा लागतो, जागा लागते, परवानगी लागते. त्यापेक्षा एक सोपं काम आहे. मृग लागायच्या आधी गावातल्या शाळेत एक ओलं पोतं अंथरा, पोरांकडून शंभर दाणे मोजून घ्या आणि बापाच्या बियाण्याची उगवण त्यांनाच तपासू द्या. तेव्हा खानखोजेंचं नाव पोरांना नक्की सांगा.