नि:शब्द हाक ऐकणारा साधक : संत इग्नेशियस

नाताळचा सण आला की गव्हाणीत निजलेल्या बाळ येशूचे चित्र आमच्या डोळ्यांपुढे उभे राहते. ख्रिस्ती बांधव येशूला देवाचा शब्द मानतात. आणि हा शब्द भूतलावर आला तो, ज्याला अजून बोलताही येत नाही अशा अर्भकाच्या रूपाने. परमेश्वर मौनातून बोलतो, हा विचार आमच्या वाचकांना परका वाटणार नाही. वटवृक्षाखाली मौनानेच शिष्यांचे संशय फेडणारा दक्षिणामूर्ती आपल्या परिचयाचा आहे. परंतु मौनातून आलेली हाक देवाची की आपल्याच मनातील वासनेची, हे साधकाने ओळखावे कसे? या प्रश्नाच्या उत्तरासाठी ज्यांनी आयुष्य वेचले, त्या संत इग्नेशियस लोयोला यांचे चरित्र आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

इग्नेशियस यांचा जन्म १४९१ च्या सुमारास स्पेनच्या उत्तरेकडील बास्क प्रदेशात, लोयोला येथील सरदार घराण्यात झाला. तारुण्यात त्यांना शस्त्रांची, दरबारी मानमरातबाची आणि कीर्तीची विलक्षण ओढ होती. मे १५२१ मध्ये पांप्लोनाच्या किल्ल्याचे फ्रेंच सैन्यापासून रक्षण करीत असता तोफेचा गोळा लागून त्यांचा उजवा पाय मोडला. हाड सांधले खरे, पण गुडघ्याखाली त्याचा उंचवटा राहिला. तंग बूट शोभून दिसावेत एवढ्यासाठी या मानी वीराने ते हाड करवतून घेतले. भूल देण्याची विद्या त्या काळी नव्हती.

अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी वीरकथांची पुस्तके मागितली. घरात ती नव्हती. मिळाले ते येशूचे चरित्र आणि संतांच्या कथा. कधी ते एका थोर कुळातील स्त्रीची सेवा करून नावलौकिक मिळविण्याची स्वप्ने तासन् तास पाहत, तर कधी संतांप्रमाणे अनवाणी यरुशलेमला जाण्याची. दोन्ही स्वप्ने पाहताना सारखीच गोड वाटत. मात्र पहिले ओसरले की मन कोरडे व खिन्न होई. दुसरे ओसरल्यावरही प्रसन्नता मागे उरे. एके दिवशी हा भेद त्यांच्या ध्यानी आला. कानांवर एक अक्षरही पडले नव्हते. तरी देव आपल्याशी बोलू लागला आहे, ही खूण त्यांना पटली.

खूण पटली, पण विद्या अजून दूर होती. १५२२ साली मोंसेरातच्या देवस्थानाकडे खेचरावरून जात असता एका मूर वाटसरूशी त्यांचा मरियामातेच्या कौमार्याविषयी वाद झाला. वाटसरू पुढे निघून गेल्यावर त्याचा सूड घ्यावा की नाही, हे त्यांना ठरविता येईना. अखेर दोन वाटा फुटल्या तेथे त्यांनी लगाम सैल सोडला. खेचर गावाच्या वाटेने वळते तर कदाचित एका माणसाचा प्राण गेला असता. त्याने हमरस्ता धरला. देवाची इच्छा जाणण्याचे याहून चांगले साधन त्या दिवशी त्यांच्यापाशी नव्हते.

मोंसेरात येथे रात्रभर जागर करून त्यांनी तलवार मरियामातेच्या वेदीपाशी ठेवली, उंची वस्त्रे भिकाऱ्याला दिली आणि जवळच्या मान्रेसा गावी तप आरंभिले. ते दररोज सात तास प्रार्थना करीत. तेथेच त्यांची कठोर परीक्षा झाली. पूर्वायुष्यातील पापांची कबुली पुरती झाली की नाही, या शंकेने त्यांना इतके पोखरले की आत्मघाताचा विचारही मनात डोकावला. आठवडाभर त्यांनी अन्न वर्ज्य केले. अखेर गुरूंच्या आज्ञेने उपवास सुटला. एक तेजस्वी, सर्पाकार आकृती त्यांना वारंवार दिसे. ती पाहताना सुख होई, नाहीशी होताच उदासी येई. पुढे कार्दोनेर नदीच्या काठी बसले असता त्यांच्या बुद्धीवरील पडदा दूर झाला. त्यानंतर क्रुसासमोर तीच आकृती निस्तेज दिसली आणि ते दर्शन देवाचे नव्हते, हे त्यांनी जाणले.

गोड भासणारे सारेच देवाचे नसते, हा धडा त्यांना पुन्हा बार्सेलोना येथे मिळाला. तेहतिसाव्या वर्षी मुलांबरोबर बसून ते लॅटिन शिकत होते. पाठ घोकू लागताच मनात भक्तीचे उमाळे येत व अभ्यास खुंटे. प्रार्थनेच्या वेळी न येणारे हे उमाळे अभ्यासाच्याच वेळी का यावेत, असा विचार करून त्यांनी ते मोहच ठरविले आणि नेमाने शाळेत जाण्याचे वचन गुरुजींना दिले.

या अनुभवांतून त्यांचा साधनाग्रंथ आकारास आला. पोपमहाशयांनी १५४८ साली त्यास मान्यता दिली. सन्मार्गावर चालणाऱ्या साधकाला दैवी स्पर्श स्पंजात मुरणाऱ्या थेंबासारखा हळुवार वाटतो आणि दुष्ट प्रेरणा दगडावर आपटणाऱ्या थेंबासारखी खळबळ माजविते, असा विवेक त्यांनी त्यात सांगितला. येशूजन्माच्या चिंतनात साधकाने बेथलेहेमची वाट व गुहा मनाने पाहावी आणि गरीब सेवक होऊन मरिया, योसेफ व बाळ यांची सेवा करावी, असेही त्यांनी सुचविले. आमच्या वाचकांना येथे मानसपूजेचे स्मरण झाल्यावाचून राहणार नाही.

बंद झालेल्या दारांतूनही ते देवाचा संकेत वाचीत. १५२३ साली यरुशलेमला पोहोचून तेथेच कायम राहण्याचा त्यांचा निर्धार तेथील धर्माधिकाऱ्यांनी मोडला. ते आज्ञा मानून परतले. १५३७ साली धर्मगुरूची दीक्षा मिळाली. परंतु युद्धामुळे पवित्र भूमीकडे जहाज जाईना. पहिली मिस्सा बेथलेहेमात अर्पावी या आशेने त्यांनी दीड वर्ष वाट पाहिली. अखेर १५३८ च्या नाताळच्या रात्री, येशूच्या गव्हाणीचे अवशेष जेथे पूजिले जातात त्या रोममधील सांता मारिया माजोरे या मंदिरात त्यांनी ती अर्पिली. बेथलेहेमला जाता आले नाही. गव्हाण मात्र भेटली.

त्यांनी स्थापिलेल्या येशूसंघास १५४० साली मान्यता मिळाली. त्याच वर्षी हिंदुस्थानात जाण्यासाठी नेमलेला सहकारी आजारी पडला, म्हणून ऐनवेळी त्यांनी फ्रान्सिस झेवियर यांस धाडिले. ते १५४२ साली गोव्यात उतरले. याच संघाचे थॉमस स्टीफन्स यांनी पुढे ओवीबद्ध मराठी ‘क्रिस्तपुराण’ रचिले आणि १६१६ साली ते गोव्यात छापले गेले. त्या सहकाऱ्याच्या आजारपणाचा धागा असा आमच्या किनाऱ्यापर्यंत पोहोचतो.

१५४४ साली संघाच्या दारिद्र्यव्रताविषयी निर्णय घेताना इग्नेशियस यांनी चाळीस दिवस चिंतन केले. त्या काळच्या त्यांच्या दैनंदिनीत शब्दांहून अश्रूंच्याच नोंदी अधिक आढळतात. ३१ जुलै १५५६ रोजी रोम येथे त्यांनी देह ठेविला. १६२२ साली त्यांना संतपद मिळाले.

दिवसातून दोनदा थांबून आपले अंत:करण न्याहाळावे, हा नेम त्यांनी अनुयायांना घालून दिला. कोणत्या विचाराने मन शांत झाले, कोणत्या विचाराने ते कोरडे पडले, एवढेच पाहावयाचे. देवापुढे सांजवात लावल्यावर क्षणभर असे बसण्यास कोणत्याही घरास अडचण नसावी. त्या शांततेत ज्याची त्याला हाक ऐकू यावी, हीच या नाताळच्या दिवशी आमची प्रार्थना.