पोराला अग्नी दिला म्हणून डॉक्टरवर खटला भरला आणि त्यातूनच ब्रिटनमध्ये दहनाचा रस्ता मोकळा झाला

तारीख १३ जानेवारी १८८४, वार रविवार. ठिकाण दक्षिण वेल्समधलं लँट्रिसंट. कार्डिफपासून जवळच, टेकडीवर वसलेलं हे छोटं गाव. संध्याकाळची प्रार्थना आटोपून लोक घरी निघाले होते. तेवढ्यात गावाबाहेरच्या माळावर त्यांना जाळ दिसला. जवळ जाऊन बघतात तर ८३ वर्षांचा एक म्हातारा मंत्र म्हणत उभा आणि समोर पेटलेल्या पिंपात तान्ह्या बाळाचा मृतदेह.

लोक खवळले. पोलीस धावत आले. मृतदेह आगीतून बाहेर काढला आणि म्हाताऱ्याला अटक केली.

तो म्हातारा होता डॉ. विल्यम प्राइस. आणि ते बाळ त्याचंच होतं, जेमतेम पाच महिन्यांचं.

आपल्याकडे अग्नी देणं हा रोजचा संस्कार. पण तेव्हाच्या ब्रिटनमध्ये मेलेल्या माणसाला पुरायचंच, हे सगळ्यांनी गृहीत धरलेलं. शेवटच्या दिवशी मेलेले पुन्हा उठतील, ही ख्रिस्ती श्रद्धा. मग शरीरच जाळलं तर उठणार काय, असा साधा हिशोब. त्यामुळे प्रेत जाळणं म्हणजे विटंबना.

हा डॉक्टर नेमका होता कोण?

प्राइसचा जन्म १८०० साली केअरफिली गावाजवळ झाला. वडील पाद्री होते, पण मानसिक आजाराने ग्रासलेले. पोरगा मात्र हुशार निघाला. गावच्या डॉक्टरच्या हाताखाली शिकला, मग लंडन गाठलं आणि १८२१ साली सर्जन होऊन वेल्सला परतला.

तो काळ कोळशाच्या खाणींचा आणि लोखंडाच्या भट्ट्यांचा. पाँटिप्रिडच्या कारखान्यात जहाजांच्या नांगराच्या साखळ्या बनायच्या. तिथल्या कामगारांचा तो डॉक्टर झाला. त्यांची अवस्था जवळून बघितली आणि चार्टिस्ट चळवळीत उतरला. प्रत्येक प्रौढ पुरुषाला मत, गुप्त मतदान, खासदारांना पगार अशा त्यांच्या मागण्या होत्या. तेव्हा हे बोलणंही सरकारला बंड वाटायचं.

४ नोव्हेंबर १८३९ रोजी हजारो कामगार न्यूपोर्ट शहरावर चालून गेले. वेस्टगेट हॉटेलसमोर सैनिकांनी गोळीबार केला, वीसच्या आसपास माणसं मेली. प्राइस त्या मोर्चात नव्हता, पण पोलीस त्याच्या मागावर होतेच. गडी बाईचा वेश करून निसटला आणि थेट फ्रान्सला पोहोचला.

पॅरिसमध्ये त्याने एक प्राचीन कोरीव दगड पाहिला. त्यावर आपल्याबद्दलच भविष्य लिहिलंय, असं त्याने ठरवून टाकलं. वेल्सला परत आला तो ड्रुइड होऊनच. ड्रुइड म्हणजे ख्रिस्ती धर्म येण्याआधीचे तिथले पुजारी. डोक्यावर कोल्ह्याच्या कातड्याची टोपी, हिरवी विजार, लाल बंडी, वाढलेले केस आणि दाढी असा त्याचा अवतार असायचा.

विचारही तसेच जगावेगळे. मांस खायचं नाही, मोजे घालायचे नाहीत, लग्नसंस्था मानायची नाही. तंबाखू ओढणाऱ्या रोग्याला तो तपासायचाच नाही. काही बाबतीत तो काळाच्या पुढे होता, तर काही बाबतीत साफ चुकला होता. लसीकरणाला त्याचा विरोध होता, डॉक्टर असूनही. तरी कामगार त्याच्याकडेच जायचे.

मग आला तो खटला

म्हातारपणी प्राइस लँट्रिसंटला राहायला आला. घर सांभाळायला ग्वेन्लियन नावाची शेतकऱ्याची तरुण मुलगी होती. १८८३ साली दोघांना मुलगा झाला. प्राइसने त्याचं नाव ठेवलं येसू ग्रिस्त, म्हणजे वेल्श भाषेत चक्क येशू ख्रिस्त. गाव आधीच नाराज होतं, त्यात ही भर. १० जानेवारी १८८४ रोजी ते बाळ गेलं.

प्रेत पुरल्याने जमीन आणि पाणी खराब होतं, असं प्राइसचं ठाम मत होतं. म्हणून त्याने लेकराला अग्नी दिला. कुणाची परवानगी घेतली नाही आणि काही लपवलंही नाही.

शवविच्छेदनात बाळाचा मृत्यू नैसर्गिक असल्याचं निघालं. तरी खटला उभा राहिलाच. एक आरोप होता प्रेत पुरण्याऐवजी जाळल्याचा, दुसरा मृत्यूची चौकशी टाळण्यासाठी जाळल्याचा. कार्डिफच्या कोर्टात प्राइसने स्वतःची बाजू स्वतःच मांडली.

समोर न्यायाधीश होते जेम्स फिट्झजेम्स स्टीफन. भारतातल्या वकिलांना हे नाव चांगलं माहीत आहे. १८७२ चा भारतीय पुरावा कायदा तयार करणारे तेच स्टीफन. व्हाइसरॉयच्या कौन्सिलचे कायदा सदस्य म्हणून ते काही वर्षं भारतात राहून गेले होते.

स्टीफन यांनी जुने कायदे आणि निवाडे तपासले. प्रेत जाळू नये, असं कायद्यात कुठेच लिहिलेलं नव्हतं. आणि कायद्याने जे गुन्हा ठरवलेलं नाही, त्यासाठी शिक्षा कशी करणार? लोकांना किळस वाटते, धक्का बसतो, एवढ्यावरून एखादी गोष्ट गुन्हा होत नाही, असा त्यांच्या निकालाचा अर्थ. अट एवढीच की त्यातून सार्वजनिक उपद्रव होऊ नये आणि मृत्यूची कायदेशीर चौकशी अडवण्यासाठी कुणी तसं करू नये.

प्राइस सुटला. मार्च महिन्यात त्याने त्याच माळावर आपल्या लेकराचं दहन पूर्ण केलं.

एका निकालाने काय बदललं?

लंडनमध्ये १८७४ पासून दहनाचा प्रचार करणारी एक सोसायटी होती. तिने वोकिंगला भट्टीही बांधली. १८७९ मध्ये एका घोड्याचं प्रेत जाळून चाचणी घेतली, पण माणसाचं दहन करायला सरकारने मनाई केली. भट्टी तशीच पडून राहिली.

जे काम मोठ्या शहरातल्या नावाजलेल्या मंडळींना जमलं नव्हतं, ते खेड्यातल्या एका हट्टी बापामुळे झालं. निकालानंतर साधारण वर्षभराने, २६ मार्च १८८५ रोजी, वोकिंगमध्ये पहिलं दहन झालं. त्या वर्षी तिथे अशी फक्त ३ दहनं झाली. १९०२ मध्ये पार्लमेंटने दहनाचा स्वतंत्र कायदा केला. आज ब्रिटनमध्ये दर चारपैकी तीनहून अधिक मृतांचं दहन होतं.

प्राइस २३ जानेवारी १८९३ रोजी वयाच्या ९२ व्या वर्षी गेला. मृत्यूपत्रात लिहिल्याप्रमाणे त्याच टेकडीवर दोन टन कोळसा रचून त्याला अग्नी दिला गेला. नऊ वर्षांपूर्वी ज्या गावाने आरडाओरडा केला, तिथेच या वेळी सुमारे २० हजार माणसं शेवटचा निरोप द्यायला जमली. आज लँट्रिसंटच्या चौकात, कोल्ह्याच्या कातड्याची टोपी घातलेला त्याचा पुतळा उभा आहे.

पाँटिप्रिडजवळ ग्लिनटाफला प्राइसने तरुणपणी एक भव्य वास्तू बांधायला घेतली होती. ती पूर्ण झालीच नाही, तिचे दोन गोल बुरूज तेवढे उरलेत. त्याच ग्लिनटाफला १९२४ साली वेल्समधली पहिली दहनभूमी सुरू झाली.