विश्लेषण : पेसमेकरचे ‘सेटिंग’ का महत्त्वाचे? अर्ने लार्सन यांची ४३ वर्षे काय सांगतात?

पेसमेकर बसवला की प्रश्न मिटला, असा अनेकांचा समज असतो. मात्र जीव वाचणे आणि जिना चढताना दम न लागणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शरीरात पेसमेकर बसवलेले जगातील पहिले रुग्ण, स्वीडनचे अर्ने लार्सन यांच्या हयातीतच या यंत्राने हे अंतर बरेचसे कापले.

लार्सन कोण होते?

१९१५ मध्ये जन्मलेले लार्सन अभियंता होते. एका संसर्गानंतर त्यांच्या हृदयातील विद्युत संदेश वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांपर्यंत पोहोचेनासे झाले. ठोके मंदावत, मध्येच थांबत. दिवसातून २० ते ३० वेळा ते बेशुद्ध पडत. त्यांच्या पत्नी एल्से-मारी यांनी शल्यचिकित्सक ऑके सेनिंग आणि अभियंता रुने एल्मक्विस्ट यांचा पिच्छा पुरवला.

पहिले यंत्र कसे होते?

८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. यंत्राला आकार देण्यासाठी बूटपॉलिशच्या डबीचा साचा वापरला होता. त्यातील बॅटरी शरीराबाहेरून चार्ज होई. ते काही तासांतच बंद पडले आणि दुसरे बसवावे लागले. ठोक्यांचा वेगही ठरलेला, मिनिटाला सुमारे ७०. माणूस झोपलेला असो की चालत असो, यंत्राला फरक कळत नसे.

पुढे काय बदलले?

१९६० च्या दशकात हृदयाचा स्वतःचा ठोका ओळखून गरजेपुरतेच काम करणारे पेसमेकर आले. १९७० च्या दशकात शस्त्रक्रियेविना, बाहेरून सेटिंग बदलता येऊ लागले. १९८० च्या दशकात हालचाल ओळखून वेग वाढवणारी यंत्रे आली. या काळात लार्सन यांनी वीसहून अधिक पेसमेकर वापरले.

आज कोणती सेटिंग बदलता येतात?

ठोक्यांची किमान व कमाल मर्यादा, झोपेतील वेग, हालचालीला मिळणारा प्रतिसाद आणि वरच्या-खालच्या कप्प्यांच्या ठोक्यांमधील अंतर, हे सारे यंत्राच्या प्रकारानुसार बदलता येते. हालचाल ओळखणारा सेन्सर कधी फसतोही. सायकल चालवताना छाती फारशी हलत नाही, म्हणून वेग पुरेसा वाढत नाही. उलट खड्ड्यांच्या रस्त्यावर बसल्या जागी धडधड वाढू शकते.

रुग्णांनी काय करावे?

तपासणीत बॅटरी आणि वायर ठीक निघाली, तरी त्रास उरू शकतो. चढावर दम लागणे, चक्कर, थकवा किंवा रात्रीची धडधड कधी व काय करताना होते, याची नोंद ठेवून ती डॉक्टरांना दाखवावी. बाहेरील संगणकीय उपकरणाने सेटिंग काही मिनिटांत, वेदनेविना बदलता येते. प्रत्येक त्रासाचे कारण सेटिंग नसते. त्यामुळे औषधे आणि इतर आजारही तपासले जातात. बेशुद्ध पडल्यास किंवा छातीत दुखल्यास मात्र तातडीने रुग्णालय गाठावे.

लार्सन यांचे निधन कधी झाले?

२८ डिसेंबर २००१ रोजी, वयाच्या ८६ व्या वर्षी. कारण हृदयविकार नव्हे, त्वचेचा कर्करोग होते. त्यांना वाचवणारे एल्मक्विस्ट १९९६ मध्ये आणि सेनिंग २००० मध्ये निवर्तले. लार्सन त्या दोघांनंतरही जगले.