कर्मवीर भाऊराव पाटील : माणसे घडविणारा संस्थापुरुष

संस्था इमारतींनी उभी राहत नाही, ती माणसांनी उभी राहते. या सत्याचे मूर्तिमंत उदाहरण म्हणजे पद्मभूषण कर्मवीर भाऊराव पाटील. 22 सप्टेंबर 1887 रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे एका जैन कुटुंबात त्यांचा जन्म झाला.

कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये शिकत असताना ते अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या समारंभास गेले. परतल्यावर शुद्धीचे स्नान करण्यास त्यांनी नकार दिला आणि त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. तेथील प्रमुख होते अण्णासाहेब लठ्ठे. पुढे 1914 साली पुतळ्याला डांबर फासल्याच्या प्रकरणात याच लठ्ठ्यांविरुद्ध खोटी साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांचा छळ झाला, तुरुंगवासही घडला. पण त्यांनी साक्ष दिली नाही. जुना राग मनात ठेवून सत्याचा सौदा करणे त्यांना मान्य नव्हते. माणसे त्यांच्यामागे का उभी राहिली, याचे उत्तर या प्रसंगात आहे.

किर्लोस्करांच्या नांगराचे विक्रेते म्हणून फिरताना त्यांनी खेडी जवळून पाहिली. शेतकऱ्याच्या दैन्याचे मूळ अज्ञानात आहे, हे त्यांनी ओळखले आणि 1919 साली कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. 1924 साली संस्था साताऱ्यास आली. तेथील वसतिगृहात सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत, एकाच पंगतीत जेवत. 1927 साली महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहाचे छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नामकरण झाले. मुलांची चूल पेटती राहावी म्हणून पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरील दागिने दिले. शेवटी मंगळसूत्रही दिले. 1930 साली त्या निवर्तल्या.

भाऊरावांची कार्यपद्धती साधी होती. काम वरून लादायचे नाही, ज्याचे त्याच्यावर सोपवायचे. विद्यार्थी श्रम करून शिकत, त्यामुळे शिक्षण हे त्यांना दान वाटत नसे. शिक्षक बाहेरून मिळत नाहीत, असे गाऱ्हाणे करीत न बसता त्यांनी 1935 साली साताऱ्यात अध्यापक विद्यालय काढले. रयतेतच वाढलेली मुले शिक्षक होऊन खेड्यांत गेली आणि आजीव सेवक म्हणून संस्थेची धुरा वाहू लागली. 1940 साली महाराजा सयाजीराव हायस्कूल आणि 1947 साली छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झाले.

खरी कसोटी गांधीहत्येनंतर आली. सरकारवर केलेल्या टीकेमुळे संस्थेचे अनुदान बंद झाले. शेकडो शिक्षकांचा आणि हजारो मुलांचा प्रश्न उभा राहिला. अशा वेळी संस्थापक एकटा असता तर संस्था मोडली असती. परंतु सेवकांनी साथ सोडली नाही, जनतेने हात आखडला नाही. पुढे संत गाडगे महाराजांनी शब्द टाकला आणि अनुदान पुन्हा सुरू झाले. 1954 साली कराडला निघालेल्या महाविद्यालयास गाडगे महाराजांचेच नाव देण्यात आले.

1959 साली त्यांना पद्मभूषण हा किताब मिळाला आणि त्याच वर्षी 9 मे रोजी त्यांचे निधन झाले. संस्थेचे बोधचिन्ह वटवृक्ष आहे. वडाच्या पारंब्या जमिनीत रुजतात आणि स्वतःच खोड होऊन वृक्षाला आधार देतात. आपल्यानंतर काम पुढे नेणारी माणसे आपल्या हयातीतच तयार करणे, हाच कर्मवीरांनी मागे ठेवलेला वारसा होय. कोणत्याही संस्थेच्या विश्वस्तांनी तो आचरणात आणावा, इतका तो मोलाचा आहे.